निरंक अहवालाचे मोल



साथीच्या रोगांवर बोलायला कोणी उभे राहिले की प्रश्न येतात ते औषधाचे आणि लशीचे. आज मला त्याच्या बरेच आधीच्या टप्प्यावर बोलायचे आहे. साथ आली हे पहिल्यांदा कळते कोणाला, तो ते कळवतो कसे, आणि कळवल्यावर त्याचे पुढे काय होते? तिसरा प्रश्न आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हता. सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवताना मीही तो वर्गात क्वचितच काढला. कोविडच्या काळात लोकांच्या हातातल्या फोनवरून लक्षणांचा माग घेण्याचे जे प्रयोग झाले, त्यांनी मात्र तो प्रश्न अगदी पुढ्यात आणून ठेवला.

सुरुवात ब्रिटनपासून करते. १२ मार्च २०२० रोजी तिथल्या सरकारने जाहीर केले, की यापुढे कोविडची चाचणी प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्यांचीच होईल. चाचण्या पुरत नव्हत्या. त्यामुळे घरी अंथरुणाला खिळलेला माणूस सरकारी आकड्यांतून वगळला गेला. साथ वाऱ्यासारखी पसरत असताना नेमके तिचे अंगण दिसेनासे झाले आणि दिसत राहिला तो फक्त रुग्णालयाचा दरवाजा. तिथे पोचणारा रुग्ण आठवड्याहून अधिक आधी बाधित झालेला असतो. म्हणजे जे दिसत होते, ते मागच्या आठवड्याचे.

२३ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी एक अ‍ॅप लोकांसाठी खुले झाले. लंडनच्या किंग्ज कॉलेजातले साथरोगतज्ज्ञ टिम स्पेक्टर यांचा गट आणि झोई नावाची कंपनी यांनी ते मिळून केले होते. स्पेक्टर १९९२ पासून सेंट थॉमस रुग्णालयात जुळ्या भावंडांची एक मोठी नोंदवही सांभाळत होते. एकाच गर्भातून आलेल्या दोघांना वेगवेगळे आजार का होतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. या जुळ्यांची खुशाली विचारायला काही साधन हवे, या विचारातून अ‍ॅपची कल्पना निघाली आणि मग ते सगळ्यांनाच खुले करण्यात आले. अमेरिकेत ते २९ मार्चला सुरू झाले. २ मेपर्यंत दोन्ही देशांत मिळून २८ लाखांहून अधिक लोक त्यात सामील झाले होते. पुढे हा आकडा ४० लाखांच्या वर गेला. कोणी सक्ती केली नव्हती.

त्या अ‍ॅपचा पहिला पडदा मी पुष्कळदा विद्यार्थ्यांना दाखवते. वय, लिंग, वजन, जुने आजार अशी माहिती एकदाच भरायची. त्यानंतर रोज एकच प्रश्न: आत्ता तुमची तब्येत कशी आहे? त्याखाली दोन उत्तरे. एक, नेहमीसारखी. दुसरे, काहीसे बरे वाटत नाही. पहिले उत्तर निवडले की दिवसाचे काम संपले. दुसरे निवडले तरच लक्षणांची यादी उघडायची: ताप, खोकला, थकवा, जेवण न जाणे, वास न येणे, पोटात दुखणे. हे सगळे मिनिटभराचे काम. घरातल्या ज्याच्याकडे फोन नाही, त्याची माहिती दुसऱ्याने भरायचीही सोय होती.

माझ्या मते या अ‍ॅपचे सारे बळ त्या पहिल्या उत्तरात होते. आजारी माणूस कुठे ना कुठे सापडतोच. तो डॉक्टरकडे जातो, औषधाच्या दुकानात जातो, शेजारणीला सांगतो. धडधाकट माणूस कुठेच नोंदला जात नाही. पण साथीचे माप काढायचे तर हजारात किती जण आजारी हे कळावे लागते, आणि तो हजार मोजायचा तर जे आजारी नाहीत त्यांनीही रोज हजेरी लावली पाहिजे. शिवाय काल ठीक असलेला माणूस आज बिघडला, ही घटना टिपायची तर काल तो ठीक होता याची नोंद आधीच हवी. आपल्या आरोग्यखात्याच्या भाषेत त्या लाखो लोकांनी दररोज निरंक अहवाल दिला. त्याच्या पार्श्वभूमीवर साऊथ वेल्समध्ये संसर्ग वाढतोय हे अधिकृत आकड्यांच्या पाच ते सात दिवस आधी दिसले.

आता वासाची गोष्ट. मार्च महिन्यात ब्रिटनमधल्या नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे असे तरुण रुग्ण येऊ लागले, की ज्यांना सर्दी नाही, नाक वाहत नाही, पण वास येत नाही. क्लेअर हॉपकिन्स आणि निर्मल कुमार या दोन तज्ज्ञांनी ते जाहीरपणे मांडले. पण अधिकृत लक्षणे दोनच होती, ताप आणि नव्याने सुरू झालेला सततचा खोकला. डॉक्टरांचा अनुभव आणि सरकारी यादी यांच्यातली दरी भरायला मोठा पुरावा लागतो, आणि तो अ‍ॅपने दिला. २४ मार्च ते २१ एप्रिल या काळात २६ लाखांहून अधिक लोकांनी लक्षणांची माहिती भरली होती. ब्रिटनमधल्या ज्या सहभागींची चाचणी झाली होती, त्यांपैकी बाधित निघालेल्या ६,४५२ जणांत सुमारे ६५ टक्के लोकांनी वास किंवा चव गेल्याचे सांगितले. चाचणीत बाधित न निघालेल्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. नेचर मेडिसिन या नियतकालिकात तो निबंध मे महिन्यात आला. १८ मे २०२० रोजी ब्रिटनने वास-चव जाण्याचा समावेश अधिकृत लक्षणांत केला.

या निबंधात एक बारकावा आहे, त्याच्यावर थोडे थांबते. कोणती लक्षणे एकत्र असली तर माणूस बाधित असण्याची शक्यता जास्त, याचे एक गणित संशोधकांनी बसवले. वय आणि लिंग यांच्या जोडीला त्यात चारच लक्षणे टिकली: वास जाणे, सततचा खोकला, खूप थकवा आणि जेवण न जाणे. ताप त्यात नव्हता. त्याच महिन्यांत आपल्याकडे आणि जगभर प्रत्येक दारावर एक माणूस हातात तापमापक घेऊन उभा होता आणि कपाळावर रोखून आत सोडत होता. ताप फसवा होता, तो अनेकांना आलाच नाही. हे दारावरच्या यंत्राला कळणे शक्य नव्हते, कारण त्याला विचारता येत नाही. घरी बसलेल्या लोकांना नीट विचारल्यावर ते कळले.

लक्षणे बदलत गेली तशी ही पद्धत आणखी उपयोगी पडली. डेल्टाच्या लाटेत वास गेल्याचे सांगणारे निम्म्याहून अधिक होते, सुमारे ५३ टक्के. ओमायक्रॉनमध्ये ते १७ टक्क्यांवर आले. नाक गळणे, डोके दुखणे, घसा धरणे, शिंका, म्हणजे साध्या सर्दीसारखा आजार झाला. अ‍ॅपवर २०२१ च्या उन्हाळ्यापासून हे दिसत होते. ब्रिटनची अधिकृत यादी मात्र तीन लक्षणांवर अडून राहिली आणि एप्रिल २०२२ मध्ये तिच्यात आणखी नऊ लक्षणे आली. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या कोविडचा सुरुवातीचा एक मोठा अंदाजही याच नोंदींतून निघाला. ४,१८२ बाधितांपैकी १३.३ टक्क्यांना २८ दिवसांनंतरही त्रास होता, २.३ टक्क्यांना बारा आठवड्यांनंतरही. हे रुग्ण तोवर डॉक्टरांकडून ‘मनाचे खेळ’ ऐकून परत येत होते. त्यांचा आजार आकड्यांत उभा राहिला, ही या अ‍ॅपची मला सर्वात मोलाची वाटणारी कामगिरी आहे.

आता याची दुसरी बाजू. ती तितक्याच ठामपणे मांडली नाही, तर माझ्या विषयाशी मी अप्रामाणिक ठरेन. अ‍ॅपवर येणारे लोक हे देशाचे प्रातिनिधिक चित्र नव्हते. त्यांत स्त्रिया जास्त, सुस्थितीतले जास्त, आरोग्याची काळजी घेणारे जास्त. म्हातारे आणि गरीब वस्त्यांतले कमी. आणि सुरुवातीच्या दिवसांत चाचणी कोणाची होत होती? रुग्णालयात काम करणाऱ्यांची आणि जास्त आजारी असणाऱ्यांची. अशा निवडक गटात भलतीच नाती दिसू लागतात. समजा, गटात एक जण आला तो रुग्णालयात नोकरी करतो म्हणून आणि दुसरा आला तो खूप आजारी आहे म्हणून. मग त्या गटापुरते असे दिसेल, की रुग्णालयातली नोकरी गंभीर आजारापासून बचाव करते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्येच हा धोका सविस्तर दाखवून दिला होता. जुलै २०२१ मध्ये तर अ‍ॅपच्या चालकांनाच आपली पद्धत बदलावी लागली. त्यांच्या सहभागींपैकी जवळजवळ सगळ्यांनी लस घेतली होती, त्यामुळे लस न घेतलेल्यांमध्ये काय चालले आहे हे सांगायला त्यांच्याकडे माणसेच उरली नव्हती.

ब्रिटनला हे सावरता आले, कारण तिथे दुसरीकडे सरकारी सांख्यिकी कार्यालय यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या घरांत जाऊन नाक-घशाचे नमुने घेत होते. ते महागडे आणि संथ, पण नेमके. अ‍ॅप वेगवान आणि स्वस्त, पण एका कुशीवर कललेले. दोन्ही एकमेकांना तपासत होते.

फोनच्या आधीही हा विचार झाला होता. फ्रान्समध्ये १९८४ पासून डॉक्टरांचे एक जाळे मिनिटेल या घरोघरी असलेल्या टर्मिनलवरून साथींची माहिती पाठवत असे. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल शहराच्या परिसरात २००६ मध्ये फ्लूट्रॅकिंग सुरू झाले. दर सोमवारी एक ईमेल येतो, त्यात विचारतात: मागच्या आठवड्यात ताप किंवा खोकला होता का? ‘नाही’ असे उत्तर द्यायला पंधरा सेकंदही लागत नाहीत. काहीशे लोकांपासून निघालेले हे काम कोविडच्या वर्षात लाखाच्या वर गेले आणि आजही चालते. याच्या उलट उदाहरण गूगलचे. २००८ मध्ये त्यांनी लोक इंटरनेटवर काय शोधतात यावरून फ्लूचा अंदाज बांधायला सुरुवात केली. कोणालाही काही विचारायचे नाही, नुसते पाहायचे. २०१२-१३ च्या हंगामात त्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये तो प्रकल्प बंद झाला. फ्लूच्या बातम्या वाचून घाबरलेला निरोगी माणूसही शोध घेतो, हा फरक यंत्राला करता आला नाही. माणसाला विचारले असते तर त्याने सांगितले असते.

मग आपल्याकडे काय झाले? २ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारचे आरोग्य सेतू हे अ‍ॅप आले. सहा आठवड्यांच्या आत दहा कोटींहून अधिक फोनांत ते उतरले. इतक्या वेगाने आणि इतक्या प्रमाणावर असे काही जगात फार थोड्या ठिकाणी घडले. त्यात स्वतःची लक्षणे भरण्याची सोयही होती. १ मेच्या केंद्रीय आदेशाने ते सरकारी आणि खासगी नोकरदारांना सक्तीचे झाले. १७ मेच्या आदेशात ती सक्ती सैल करून शक्य तितके प्रयत्न करा अशी भाषा आली. पण तोवर कार्यालयाच्या फाटकावर, विमानतळावर, सोसायटीच्या दारावर फोन पुढे करून अ‍ॅपचा ‘सुरक्षित’ हा हिरवा रंग दाखवण्याची पद्धत पडून गेली होती.

फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. कामावर गेला नाही तर त्या दिवसाचा पगार बुडतो. घसा खवखवतो आहे. अ‍ॅप विचारते, खोकला आहे का? ताप? श्वासाला त्रास? त्याने काय भरावे? ज्याने ‘नाही’ भरले, त्याला मी खोटारडा म्हणणार नाही. त्याला प्रश्न विचारणारा डॉक्टर नव्हता, पहारेकरी होता. लंडनमध्ये ‘बरे वाटत नाही’ असे भरणाऱ्याला एप्रिलच्या अखेरीपासून चाचणीचे आमंत्रण येऊ लागले. इथे तेच उत्तर भरणाऱ्याला फाटकावरून परत जावे लागे. दोन्ही अ‍ॅपमधले प्रश्न जवळपास सारखेच होते. उत्तरांच्या खरेपणात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडणे अटळ होते.

महाराष्ट्राला हा धडा आधी एकदा मिळाला आहे, आणि फार महाग पडला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मूळचे गोव्याचे. वस्तीत जाऊन रुग्ण पाहणारा, ज्याला लोक घरात घेत होते असा डॉक्टर. पुढे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि पुण्यात प्लेग-अधिकारी रँडसाहेबाच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरले. रुग्ण सापडला की त्याला प्लेगच्या रुग्णालयात न्यायचे, घरच्यांना वेगळे ठेवायचे, सामान जाळायचे. जून महिन्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते आपण इतिहासात शिकतो. साथीचा अभ्यास करणाऱ्याने आणखी एक गोष्ट शिकायला हवी. लोक रुग्ण लपवू लागले. प्रेतेही लपवू लागले. म्हणजे शोधमोहीम जितकी कडक, तितकी साथीची माहिती आटत गेली. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना स्वतः उचलून आणत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्यापर्यंत आजाऱ्याची बातमी पोचत होती. रँडच्या शिपायांपासून ती लपवली जात होती. २०२० मध्ये हाच १८९७ चा कायदा आपण पुन्हा बाहेर काढला.

आता आजच्या व्यवस्थेकडे येते. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात २००४ पासून आहे. त्यात लक्षणांवरून नोंद करायचा ‘एस’ फॉर्म उपकेंद्राची नर्स भरते, डॉक्टरचा ‘पी’ आणि प्रयोगशाळेचा ‘एल’. एप्रिल २०२१ पासून हे सारे नव्या ऑनलाइन पोर्टलवर आले, आठवड्याऐवजी रोजचे झाले. रचना उत्तम आहे, हे मी मनापासून सांगते. पण एका उपकेंद्रातल्या सिस्टरने मला सांगितलेली हकीकत ऐका. पावसाळ्यात एका वस्तीत तिला एकाच आठवड्यात पाच जणांचे डोळे पिवळे दिसले. तिने त्याच दिवशी कळवले. दुसऱ्या दिवशी गाडी आली, ती पाण्याचे नमुने घ्यायला आणि तिला जाब विचारायला. पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर विहिरीत पडली होती का, पाण्यातला क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टचे रजिस्टर कुठे आहे, आधी का कळवले नाही. पाणीपुरवठा ग्रामपंचायतीचा, गळकी पाइपलाइन कंत्राटदाराची, आणि कारणे दाखवा नोटीस सिस्टरला. ती म्हणाली, “मॅडम, पुढच्या वर्षी मी थोडं थांबून बघीन.” ती थोडे थांबणार, म्हणजे पोर्टलवर त्या काही दिवसांत निरंक येणार. जिल्ह्याच्या पडद्यावर ते निरोगी गाव म्हणून दिसेल.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या डॉक्टरांच्या जुन्या रजिस्टरांत प्रत्येक रुग्णासमोर वस्तीचे नाव लिहिलेले आहे. आजाराचे नाव कधी कधी नाही, पण वस्ती आहेच. त्यांना हगवण कुठून येते हे कळत असे, आणि कळल्यावर ते प्रथम पाण्याकडे जात, सांगणाऱ्यावर डाफरायला जात नसत. लोक त्यांना येऊन सांगत, ते म्हणूनच.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर गेले, तापमान घेतले, ऑक्सिजन मोजला, जुने आजार विचारले आणि ते अ‍ॅपमध्ये भरले. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यापर्यंत ही मोहीम पोचली, ते ब्रिटनच्या अ‍ॅपला जमले नव्हते. आणि आपल्याकडे हा प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्केच निघाल्या, आणि त्यातही साधा फोन किती, स्मार्टफोन किती! नुसत्या अ‍ॅपवर विसंबलो तर निम्म्या घरांतल्या बाईचा ताप नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनमधून आला तर आला. मात्र त्या मोहिमेच्या वेळीही बाधित निघालेल्या घराच्या दारावर अनेक ठिकाणी फलक लागत होता आणि शेजारी दार लावून घेत होते. आशाताई दिसली की काही घरांत खोकला दाबला जाई. दोष त्या घरांचा नव्हता.

म्हणून माझी मागणी मोठ्या अ‍ॅपची नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत शंभर-दोनशे घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, त्यांच्या मर्जीने. दर सोमवारी एकच प्रश्न: मागच्या आठवड्यात घरात कोणाला काही झाले का? फोन आहे त्याने फोनवर सांगावे, नाही त्याला आशाताईने विचारावे, आणि ‘काही नाही’ या उत्तराचाही तिला मोबदला मिळावा, आजाऱ्याच्या नोंदीइतकाच. नावे केंद्राबाहेर जाऊ नयेत. पोलिसांकडे, मालकाकडे, शाळेकडे तर नाहीच. आजारी असल्याचे सांगणाऱ्याची चाचणी फुकट व्हावी आणि मजुरी बुडाली तर ती भरून मिळावी. तालुक्याचा आठवड्याचा नकाशा शुक्रवारपर्यंत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, म्हणजे आपण सांगितलेले कुठे गेले हे सांगणाऱ्याला दिसेल. ब्रिटनमध्ये लोक अ‍ॅपवर टिकून राहिले, त्यामागे अ‍ॅपवरचा साथीचा रोज बदलणारा नकाशाही होता. आणि साथ प्रथम कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या साथीबद्दल नोटीस काढता येणार नाही, असा एक ओळीचा शासन निर्णय निघावा.

या शेवटच्या मागणीला पैसा जवळजवळ लागत नाही. आज सभागृहात आरोग्य विभागाचे अधिकारी बसले आहेत आणि दोन लोकप्रतिनिधीही आहेत. शेवटची ती एक ओळ पुढच्या पावसाळ्याआधी निघू शकते. ती कोणत्या अडचणीमुळे निघणार नसेल, तर ती अडचण त्यांनी आता प्रश्नोत्तरांच्या वेळी इथेच सांगावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.